अँटिबायोटिकचा गुण का येईनासा होतो, आणि परिचारिका टिकण्याशी त्याचा काय संबंध

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२३ साली जगभरात प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या जिवाणूसंसर्गांपैकी दर सहांतील एक संसर्ग नेहमीच्या अँटिबायोटिक औषधांना दाद देत नव्हता. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात मोजला जातो, तिथे हे प्रमाण तीनांत एक इतके होते. या प्रश्नाविषयी बोलताना आपल्याकडे तीन कारणे हमखास सांगितली जातात: डॉक्टर गरज नसताना अँटिबायोटिक लिहून देतात, मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय ती विकतात, आणि बरे वाटू लागताच रुग्ण ती मनाने बंद करतात किंवा पुढच्या आजाराला जुन्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या घेतात. ही कारणे खरी आहेत. मात्र सर्वांत चिवट जिवाणू जिथे आढळतात ते ठिकाण म्हणजे रुग्णालय, विशेषतः अतिदक्षता विभाग. आणि तिथे ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत पोहोचतात की नाही, हे बऱ्याच अंशी त्या पाळीत किती परिचारिका आहेत, त्या किती अनुभवी आहेत आणि त्याच वॉर्डात किती काळापासून काम करत आहेत यावर ठरते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या संशोधनातून हे पुन्हा पुन्हा समोर आले आहे. तरीही औषधांचा प्रश्न एका विभागाच्या फायलीत आणि मनुष्यबळाचा प्रश्न दुसऱ्या विभागाच्या फायलीत अशी विभागणी कायम आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतले आहेत ते या लेखात पाहू.

आधी प्रतिकार म्हणजे काय ते स्पष्ट करायला हवे. शरीराला औषधाची सवय होते आणि म्हणून त्याचा गुण येत नाही, असा एक समज आहे. प्रत्यक्षात बदललेला असतो तो जिवाणू. आपल्या शरीरात कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांतल्या काहींमध्ये जनुकीय बदलामुळे एखादे औषध सहन करण्याची क्षमता आधीच असते. औषध दिले की साधे जिवाणू मरतात, सहन करणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच वाढतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकांनी हा प्रकार गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत पाहिला आहे: बीटी वाणातले विष पचवणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पैदास होत गेली आणि २०१७च्या हंगामापर्यंत शेतेच्या शेते हातची गेली. जिवाणूंची गोष्ट त्याहून अवघड आहे, कारण प्रतिकाराची जनुके ते आपल्या संततीला तर देतातच, पण शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. ही जनुके अनेकदा डीएनएच्या छोट्या गोलाकार तुकड्यांवर असतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात, आणि एकाच प्लास्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके एकत्र बसलेली असू शकतात. अशा वेळी एका औषधाचा वापर वाढला की त्याच्यासोबत इतर औषधांविरुद्धचा प्रतिकारही वाढतो.

या साखळीतले भारताशी जोडलेले एक नाव जगभर गेले. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात, ज्याने त्याआधी भारतात उपचार घेतले होते, कार्बापेनेम गटातली औषधे निकामी करणारे एक विकर (एन्झाइम) सापडले आणि त्याला एनडीएम-१ असे नाव मिळाले. त्यातली पहिली दोन अक्षरे नवी दिल्लीची आहेत. नावावरून वाद झाला, तो होणे स्वाभाविक होते, पण वैद्यकीयदृष्ट्या चिंता वेगळीच होती. मेरोपेनेम आणि इमिपेनेम ही कार्बापेनेम औषधे गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेली होती. ती चालेनाशी झाल्यावर डॉक्टरांना कोलिस्टिनकडे वळावे लागले, जे मूत्रपिंडांना इजा करू शकते म्हणून अनेक वर्षे बाजूला पडले होते. ते माणसांसाठी शिल्लक राहावे म्हणून २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. नवी औषधे येत नाहीत असे नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्ट कंपनीने विकसित केलेले न्यूमोनियासाठीचे नाफिथ्रोमायसिन २०२४च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले, आणि मराठी वाचकाला त्याचे कौतुक वाटणे रास्त आहे. परंतु एका नव्या औषधाला तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि जिवाणूला ते पचवायला कधी कधी दोन-तीन वर्षे पुरतात. केवळ नव्या औषधांच्या भरवशावर ही शर्यत जिंकता येणार नाही.

२०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधप्रतिकारामुळे झाले आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्याच संशोधकांच्या २०२४च्या अंदाजाप्रमाणे २०२५ ते २०५० या काळात थेट मृत्यूंची संख्या ३ कोटी ९० लाखांपर्यंत जाऊ शकते. इतक्या मोठ्या आकड्यांनी नेमके काय होते ते डोळ्यांसमोर येत नाही. त्यासाठी दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमधल्या नवजात शिशुविभागांत झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचावा. या विभागांत दाखल झालेल्या १३,५३० बाळांपैकी सुमारे १४ टक्के बाळांना जंतुसंसर्ग झाला. त्यांच्यात सर्वाधिक आढळलेला जिवाणू असिनेटोबॅक्टर हा होता आणि त्याच्या ८२ टक्के नमुन्यांत अनेक औषधांविरुद्धचा प्रतिकार होता. जवळजवळ दोन-तृतीयांश संसर्ग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाले होते. या बाळांनी आयुष्यात कधी अँटिबायोटिकचा गैरवापर केलेला नव्हता. प्रसूतिगृह आणि शिशुविभाग या वातावरणातून तयार प्रतिकार घेऊन जिवाणू त्यांच्यापर्यंत आला, हाच त्याचा सर्वांत संभाव्य अर्थ आहे.

इथे एक भेद लक्षात ठेवला तर पुढचा सगळा विषय सोपा होतो. जिवाणू प्रतिकारक बनणे ही एक घटना आहे आणि तो प्रतिकारक जिवाणू पुढच्या रुग्णापर्यंत जाणे ही दुसरी. पहिली घटना औषधाच्या वापराशी बांधलेली आहे, तर दुसरी घटना हात, नळ्या, खाटांचे कठडे, स्टेथोस्कोप आणि बेसिन यांच्याशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांमागे श्रीमंत देशांत ७ आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तिथेच किमान एक नवा संसर्ग होतो, आणि हातांची स्वच्छता व इतर कमी खर्चाचे उपाय नीट पाळले तर यांतले ७० टक्के संसर्ग टाळता येतात. टळलेला प्रत्येक संसर्ग म्हणजे न वापरावा लागलेला अँटिबायोटिकचा एक पूर्ण कोर्स. दुसरी घटना थांबली की पहिलीची संधीही कमी होते.

आता हातांच्या स्वच्छतेचा हिशोब मांडून पाहू, कारण ‘परिचारिका हात धूत नाहीत’ हे वाक्य फार सहज बोलले जाते. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त-लघवीसारख्या द्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, अशा पाच प्रसंगी हात स्वच्छ करणे अपेक्षित आहे. जिनिव्हातल्या विद्यापीठ रुग्णालयातले डॉ. दिदिए पित्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष निरीक्षण करून दाखवले की अतिदक्षता विभागात रुग्णसेवेच्या एका तासात असे सरासरी २० प्रसंग येतात. साबण-पाण्याने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, बेसिनपर्यंत जाण्याचा वेळ वेगळा. म्हणजे तासातली जवळजवळ २० मिनिटे केवळ हात धुण्यात जातील, आणि समोर एकऐवजी तीन गंभीर रुग्ण असतील तर हे काम मनात कितीही असले तरी शक्य होणार नाही. अल्कोहोलयुक्त द्रव खाटेजवळच ठेवला तर वेळ २० ते ३० सेकंदांवर येतो; जिनिव्हात हा बदल केल्यावर १९९४ ते १९९७ दरम्यान हातस्वच्छतेचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. त्याच निरीक्षणांत आणखी एक गोष्ट दिसली होती: कामाचा भार जितका जास्त, तितकी हातस्वच्छता कमी. जिथे संसर्गाचा धोका सर्वांत मोठा, तिथेच वेळ सर्वांत अपुरा पडत होता. मला या संपूर्ण विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो, कारण तो दोषाचा रोख व्यक्तीवरून पाळीच्या रचनेकडे वळवतो.

परिचारिकेचे काम हातांच्या स्वच्छतेपाशी संपत नाही. अँटिबायोटिक लिहून देतात डॉक्टर, पण ते औषध योग्य जिवाणूवर, योग्य वेळी आणि योग्य गतीने पडते की नाही हे तिच्या हातात असते. गंभीर ताप असलेल्या रुग्णाचे रक्त कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी, पहिला डोस देण्याआधी घ्यावे लागते. आधी औषध गेले तर जिवाणू नमुन्यात वाढतच नाही, रिपोर्ट कोरा येतो आणि डॉक्टरांना अंदाजाने, बहुधा अधिक व्यापक परिणामाचे औषध चालू ठेवावे लागते. नमुना घेताना त्वचा नीट निर्जंतुक केली नाही तर त्वचेवरचा निरुपद्रवी जिवाणू रिपोर्टमध्ये येतो आणि नसलेल्या संसर्गावर महागडे औषध सुरू होते. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे किती वेळ रक्तात पुरेशा प्रमाणात टिकतात यावर त्यांचा परिणाम ठरतो, म्हणून रात्री दोनचा डोस पहाटे पाचला दिला गेला तर मधल्या काळात जिवाणूला उसंत मिळते. मेरोपेनेमसारखे औषध काही रुग्णांना तीन-तीन तास हळूहळू द्यायचे असते. व्हॅन्कोमायसिन घाईने सोडले तर अंग लाल होते आणि रक्तदाब उतरू शकतो, शिवाय त्याची रक्तातली पातळी मोजायची तर नमुना पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्यावा लागतो. कोलिस्टिन चालू असलेल्या रुग्णाची लघवी किती होते याची नोंद चुकली तर मूत्रपिंड बिघडत असल्याचे उशिरा कळते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेमुळे जिवाणू प्रतिकारक बनतील असा इशारा दिला होता. तो सहसा रुग्णांना उद्देशून सांगितला जातो, पण चुकलेला किंवा उशिरा दिलेला डोस ही रुग्णालयातली अपुरी मात्राच आहे.

याखेरीज नळ्यांचा प्रश्न असतो. लघवीची नळी, मध्यवर्ती शिरेतली नळी, व्हेंटिलेटरची नळी, हातातली कॅन्युला, या सगळ्या जिवाणूंना आत शिरण्याच्या वाटा आहेत आणि प्रत्येक जादा दिवसागणिक धोका वाढतो. ‘ही नळी आज काढायची का?’ हा प्रश्न राउंडच्या वेळी डॉक्टरांना आठवणीने विचारणारी, कॅन्युलाच्या जागेची किंचित लाली ओळखणारी, रुग्ण आता तोंडाने खाऊ लागला आहे तेव्हा शिरेतले औषध बंद करून गोळी देता येईल का असे सुचवणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्या वॉर्डात पाच-सात वर्षे काढलेली सिस्टर किंवा ब्रदर असते. नवीन आलेल्या मुलीला हे ज्ञान पुस्तकातून मिळालेले असते, पण वरिष्ठांसमोर ते बोलून दाखवण्याचा अधिकार तिला अजून मिळालेला नसतो.

मनुष्यबळ आणि रुग्णांचे परिणाम यांचा संबंध मोजणारे सर्वांत गाजलेले काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकन यांचे आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या राज्यातली १६८ रुग्णालये होती. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि त्याच वेळी परिचारिका मानसिकदृष्ट्या थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी व नोकरीविषयी असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास झाला, तेव्हा मृत्यूच्या शक्यतेतली वाढ पुन्हा ७ टक्केच निघाली. संसर्गाचा थेट विचार करणारा अभ्यास जेनी सिमिओटी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच १६१ रुग्णालयांवर केला. परिचारिकेमागे रुग्ण वाढले की मूत्रमार्गाचे आणि शस्त्रक्रियेच्या जखमेचे संसर्ग वाढतात हे त्यात दिसलेच; पण गणितात परिचारिकांच्या मानसिक थकव्याचे प्रमाण घातल्यावर संसर्गाशी असलेला ठळक संबंध रुग्णसंख्येऐवजी थकव्याशी उरला. त्यांच्या हिशोबाप्रमाणे थकव्याचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झाले तर त्या एका राज्यात वर्षाला ६,२३९ संसर्ग टळले असते. जादा रुग्णांमुळे माणूस थकतो, थकलेला माणूस आवश्यक पायऱ्या गाळतो आणि काही काळाने नोकरी सोडतो, अशी साखळी या निष्कर्षातून समोर येते.

नोकरी सोडण्याचा परिणाम केवळ रिकाम्या जागेपुरता नसतो, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवले. एका शस्त्रक्रिया अतिदक्षता विभागात ज्यांना रक्तात संसर्ग झाला, त्यांच्या संसर्गाच्या आदल्या तीन दिवसांत विभागातल्या कायम परिचारिका कमी आणि इतरत्रून तात्पुरत्या आणलेल्या परिचारिका जास्त होत्या. डोकी मोजली तर संख्या भरलेली दिसते, पण कोणती ट्रॉली कुठे असते, कोणत्या खाटेवरच्या रुग्णाला विलगीकरणात ठेवले आहे, कोणत्या डॉक्टरांना रात्री केव्हा उठवायचे, हे बाहेरून आलेल्या व्यक्तीला ठाऊक नसते. आपल्याकडे कंत्राटी भरतीचा विचार करताना हा मुद्दा ध्यानात घ्यायला हवा. फरशी आणि खाटांचे कठडे पुसणाऱ्या मामा-मावशींनाही तो तितकाच लागू आहे, आणि त्यांच्या कामाकडे संशोधनाचे लक्ष त्या मानाने फारच कमी गेले आहे.

अशा अभ्यासांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. ज्या रुग्णालयांत परिचारिका पुरेशा असतात तिथे पैसा, यंत्रे आणि व्यवस्थापनही चांगले असण्याची शक्यता असते, मग संसर्ग कमी होण्याचे श्रेय नेमके कोणाला द्यायचे? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. यावर उत्तर शोधायचे तर एखाद्या ठिकाणी प्रमाण बदलून आधी आणि नंतर काय झाले ते पाहावे लागते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये २७ सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांमध्ये दिवसा चार रुग्णांमागे एक आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असे किमान प्रमाण कायद्याने ठरवले आणि बाकीच्या रुग्णालयांशी तुलना करता आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णालयांत मृत्यू, पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण आणि मुक्कामाचे दिवस यांत सुधारणा झाली, आणि टळलेल्या खर्चाची रक्कम जादा परिचारिकांच्या पगाराच्या सुमारे दुप्पट निघाली. औषधप्रतिकार त्या अभ्यासात मोजला गेला नव्हता. तरीही मुक्काम कमी होणे म्हणजे जिवाणूंशी गाठ पडण्याचे दिवस कमी होणे, आणि माझ्या मते पुरावा पुरेसा नाही हे कारण सांगून आता निर्णय पुढे ढकलता येणार नाही.

मग परिचारिका सोडून का जातात? जगात २०२३ साली २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची तूट होती, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५चा अहवाल सांगतो. ही तूट श्रीमंत देश काही प्रमाणात भारत आणि फिलिपिन्ससारख्या देशांतून भरून काढतात. आखाती देशांतल्या भरतीत साधारण दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो, त्यामुळे इथे हात बसतो न बसतो तोच परिचारिका बाहेर पडते आणि तिच्या जागी पुन्हा नवशिकी येते. शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या मुलीने चांगल्या पगाराकडे जाणे यात गैर काहीही नाही. प्रश्न इथल्या नोकरीच्या स्वरूपाचा आहे. २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली आणि केरळमधल्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी जी आंदोलने केली, त्यांत तुटपुंजे वेतन, बॉण्डची सक्ती आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे या तक्रारी होत्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर केंद्र सरकारच्या समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही किमान वेतन दरमहा २०,००० रुपये असावे आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत ते सरकारी परिचारिकांच्या बरोबरीचे असावे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर राहिली आणि ती सगळीकडे सारखी झाली नाही. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात कोलकात्यातल्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या शेकडो परिचारिका गावी परतल्या, तेव्हा शहरातली अतिदक्षता सेवा दूरच्या राज्यांतून आलेल्या तरुण मुलींवर किती अवलंबून आहे हे सर्वांना दिसले. महाराष्ट्रात २०२२च्या मे महिन्यात शासकीय रुग्णालयांतल्या परिचारिकांनी बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध संप केला. त्यांच्या मागणीत नोकरीची सुरक्षितता होती आणि तात्पुरत्या परिचारिकांविषयीच्या वर सांगितलेल्या अभ्यासाकडे पाहता रुग्णांचेही हित होते.

केवळ पगार वाढवला की सगळे टिकतील असे संशोधन म्हणत नाही. अमेरिकेत परिचारिकांची मोठी टंचाई असताना १९८३ मध्ये तिथल्या परिचर्या अकादमीने उलट प्रश्न विचारला: टंचाईतही ज्यांना परिचारिका मिळतात आणि ज्यांच्याकडे त्या टिकतात अशी रुग्णालये काय वेगळे करतात? अशी ४१ रुग्णालये निवडली गेली आणि त्यांना ‘मॅग्नेट’ म्हटले गेले. पाळ्या ठरवताना परिचारिकांचे मत घेतले जाणे, वॉर्डाच्या निर्णयांत त्यांना वजन असणे, डॉक्टरांशी बरोबरीने बोलता येणे, शिकण्याची संधी आणि मेट्रनला व्यवस्थापनात खरे स्थान असणे या गोष्टी त्यांच्यात समान होत्या. याचा संसर्गाशी संबंध मिशिगन राज्यातल्या प्रकल्पात दिसतो. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने १०३ अतिदक्षता विभागांत मध्यवर्ती नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी लागू झाली: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरण, त्वचेसाठी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. त्यातली निर्णायक तरतूद अशी होती की यातली एखादी पायरी गाळली गेली तर परिचारिकेने डॉक्टरांना थांबवायचे, आणि तिच्या पाठीशी प्रशासन उभे राहणार. नळीच्या दर १,००० दिवसांमागे रक्तसंसर्गाचा मध्यक २.७ होता, तो शून्यावर आला आणि सुधारणा दीड वर्षापर्यंत टिकली, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. यादी कागदावर कोणीही छापू शकतो. डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार मात्र ज्या विभागात परिचारिका स्थिर आहेत आणि त्यांचा शब्द ऐकला जातो तिथेच वापरला जातो.

भारतात औषधांच्या बाजूने बरेच काम झाले आहे. २०१३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रतिकाराची नोंद ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभे केले, २०१४ पासून अनेक महत्त्वाची अँटिबायोटिक औषधे शेड्यूल एच-१ या चिठ्ठीशिवाय न विकता येणाऱ्या औषधांच्या यादीत आली आणि दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद बंधनकारक झाली, २०१७ मध्ये पहिला राष्ट्रीय कृती आराखडा आला आणि २०१८ मध्ये केरळने राज्याचा स्वतःचा आराखडा केला. मनुष्यबळाच्या बाजूनेही निकष आहेत: अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हा निकष आपल्याकडे कित्येक वर्षांपासून कागदावर आहे. एनएबीएच या रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेची मान्यता घेणाऱ्या रुग्णालयांना संसर्गाचे दर, हातस्वच्छतेचे प्रमाण आणि परिचारिका-रुग्ण प्रमाण या तिन्हींची नोंद ठेवावी लागते. म्हणजे या रुग्णालयांत माहिती गोळा होतेच आहे. ती एकाच तक्त्यात, पाळीनिहाय मांडून, कोणत्या महिन्यात किती अनुभवी परिचारिका सोडून गेल्या आणि त्या किंवा पुढच्या महिन्यात मेरोपेनेम व कोलिस्टिनचा खप किती झाला हे शेजारी-शेजारी पाहायला वेगळा निधी लागत नाही. संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीला मायक्रोबायोलॉजीचे डॉक्टर आणि संसर्ग नियंत्रण परिचारिका येतात, तशी मनुष्यबळ विभागाची व्यक्तीही यावी, आणि राज्याच्या आराखड्यात अँटिबायोटिकच्या वापराइतकेच परिचारिकांच्या रिक्त पदांचे आणि सोडून जाण्याच्या प्रमाणाचे उद्दिष्टही लिहिले जावे, ही मागणी करण्याइतका पुरावा आज हाताशी आहे.